बोळीतला जिना आणि रविवारचा वर्ग

मी, राधेश्याम रामनिवास झंवर, वय बहात्तर, धंदा बारदान्याचा म्हणजे रिकाम्या पोत्यांचा, राहणार मस्तगड, जुना जालना, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे म्हणणारे माझ्या घरात दोघे आणि शेजारी एक आहे. त्यांनी सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला वाचावा. कोणी मला धाक घातलेला नाही की भूल पाडलेली नाही. घाई मात्र आहे. मंगळवारी छत्रपती संभाजीनगरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी जालन्याच्या दिवाणी न्यायालयात माझ्या दाव्याचा शेवटचा युक्तिवाद आहे. दोन्हीतून मी निभावेन याची खात्री कोणी देत नाही.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे या कागदाने रद्द समजावीत. ती किती आहेत ते आता आठवत नाही. राग आला की मी मृत्युपत्र करतो. या कागदातही खाडाखोड आहे. ती माझीच आहे आणि प्रत्येक ठिकाणी मी व साक्षीदारांनी सही केली आहे.

१. मस्तगडचे राहते घर माझी पत्नी संतोषबाई हिचे. ती आहे तोवर त्यात भाडेकरू घालू नये आणि तिला पुण्याला नेण्याचा हट्ट कोणी धरू नये. तिच्यानंतर घर मुलगा मयंक याचे. धाकटा भाऊ बद्रीनाथ, म्हणजे माझ्या दाव्यातला प्रतिवादी, त्याच्या घरी संतोषबाई दर गणगौरीच्या सणाला मागच्या दाराने जाऊन येते. मला हे माहीत नाही असे तिला वाटते. मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. माझ्यामागे तिने पुढच्या दाराने जावे.

२. बँकेतल्या ठेवी संतोषबाईच्या. वसंताने माझ्याकडे आयुष्यभर पोती शिवली, म्हणून शिलाईचे मशीन, दाभणे आणि सुतळीचा सगळा साठा त्याचा. दुकानाची खालची जागा मयंकची. तो पुण्यात संगणकावर बरे कमावतो, त्याला माझ्या पैशाची गरज नाही. त्याला मी मुख्यतः दावा ठेवतो.

३. दावा असा आहे. आमच्या वडिलांनी हयातीतच आम्हा दोघा भावांना शेजारी शेजारी दुकाने वाटून दिली. मधली बोळ, हातगाडी जेमतेम जाईल एवढी, माझ्या वाट्याला आली असे मी म्हणतो. ती दोघांची आहे असे बद्री म्हणतो. मी नाथद्वाऱ्याला दर्शनाला गेलो होतो, तेवढ्यात त्याने त्या बोळीत वर जायला लोखंडी जिना उभा केला. परत आलो तर जिन्याला हिरवा रंगही लावून झाला होता. विचारणे नाही, सांगणे नाही, आणि वर रंग! जिना पाडून मिळावा म्हणून मी दावा लावला तेव्हा मयंक पाळण्यात होता. आता त्याचे केस पिकायला लागले आहेत. या काळात माझे एक वकील वारले, एक न्यायाधीश होऊन बदलीवर गेले आणि एकांनी माझा फोन उचलणे बंद केले. एकदा निकाल माझ्या बाजूने लागला, अपिलात फिरला, आणि वरच्या कोर्टाने पुन्हा ऐका म्हणून प्रकरण खाली पाठवले. दावा लावल्यापासून मी आणि बद्री एकमेकांशी फक्त वकिलांमार्फत बोलतो.

आत्ता हे लिहिता लिहिता उठून मी बोळ बघून आलो. जिना आहे तिथेच आहे.

४. दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी नववी ते बारावीच्या मुलांसाठी मी वर्ग चालवतो. कोर्टकचेरीच्या कामाला लागेल असे सगळे तिथे फुकट शिकवले जाते. याचे खरे कारण लिहून ठेवतो, कारण सत्कारात लोक भलतेच बोलतात. मला समाजसेवा करायची नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बसून मला एवढे कळले की दावा माणसांवाचून अडतो. लघुलेखक रजेवर, म्हणून साक्ष पुढे ढकलली. बेलीफ दुसऱ्या गावाला, म्हणून समन्स पडून. नकलेच्या खिडकीत एकच बाई, तिच्यासमोर निम्मा जिल्हा उभा. आणि चांगला वकील मुंबईकडे पळालेला. बाजारात मालाचा तुटवडा दिसला की व्यापारी जे करतो तेच मी केले. माणसे आपणच तयार करायची असे ठरवले.

न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले धम्मपाल पाईकराव यांना मी शिकवायला बोलावले. ते म्हणाले, "शेटजी, आपल्या पोरांला डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, नाहीतर फौजेत जा एवढंच सांगतेत. कोर्टात बी इतक्या तऱ्हेची कामं आहेत हे कोणी सांगतच न्हाई. मी येतो, पण चहा बिनसाखरेचा पाहिजे." त्यांनी तेव्हापासून एकही रविवार चुकवला नाही. टायपिंग, लघुलेखन, अर्ज लिहिणे, सातबारा वाचणे, वकिलीच्या प्रवेश परीक्षेची तयारी असे सगळे ते घेतात. सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हा त्यांचा पहिला धडा. वडीगोद्रीचा मिथुन याच वर्गातून लघुलेखक झाला. एक मुलगी बेलीफ आहे आणि चांगल्या चांगल्यांना समन्स घ्यायला लावते.

अभ्यासाला पुस्तक म्हणून माझाच दावा. कोर्टात दाखल झालेले तेवढेच कागद मुलांपुढे ठेवतो, घरचे काही नाही. महिनाअखेरीस वर्गात खोटे कोर्ट भरते. वादी म्हणून पिंजऱ्यात मी स्वतः उभा राहतो, दोन्हीकडचे वकील मुले होतात, धम्मपाल न्यायाधीश. तिथे मी बहुतेक वेळा हरतो.

हॉलमध्ये यायला दुकानातून लाकडी शिडी आहे, पण ती पोत्यांच्या थप्प्यांमधून जाते आणि धुळीने गणवेश भरतात. म्हणून पहिल्याच रविवारी मुले बोळीतल्या जिन्याने चढून हॉलच्या बाजूच्या दाराने आत आली. मी त्यांना अडवले नाही. बद्रीनेही अडवले नाही. पावसाळ्यात पोरे घसरू नयेत म्हणून त्याने पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या मारून घेतल्या. एवढे त्याचे मान्य करतो, जास्त काही नाही.

५. आता दैवशालेविषयी. दैवशाला अप्पाराव गाढे, मूळ गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. शिकायला जालन्यात मावशीकडे राहत होती आणि नववीत वर्गाला आली. अकरावीत असताना खोट्या कोर्टात ती बद्रीची वकील झाली. मी पिंजऱ्यात होतो. तिने विचारले, "वादी, तुमच्या वर्गाची पोरं कोणत्या जिन्यानं वर येतेत?"

मी म्हणालो, "बोळीतल्या."

"मंग तोच जिना पाडून मागता, तर पोरांनी कुठून यायचं?"

मी ओरडलो, "हरकत आहे!" धम्मपाल म्हणाले, "हरकत नामंजूर. वादीने उत्तर द्यावे." सगळा हॉल हसला आणि मला वाटले, हीच माझी वकील. अप्पारावांच्या मनात पोरीने शिक्षिका व्हावे असे होते. मी पिंपळगावला जाऊन त्यांच्या ओसरीवर बसलो आणि हो म्हणेपर्यंत उठलो नाही. तिच्या वकिलीच्या शिक्षणाचा खर्च मी केला, काळा कोट मी घेतला. ती सनद घेऊन आली तेव्हा वकीलपत्र लगेच द्यायला हवे होते. मी म्हणालो, अजून लहान आहे, दोन वर्षे तिला भांडी-कुंडी, भाडेकरू असले दावे चालवू दे, मग आपला द्यावा.

तेवढ्यात बद्री तिच्याकडे गेला.

त्याच्या वकीलपत्रावर सही करण्याआधी ती माझ्या दुकानात आली होती, हे खरे आहे आणि मी ते लपवत नाही. म्हणाली, "शेटजी, बद्रीकाका आल्ते. तुमच्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे मला झोप न्हाई. तुम्हीच शिकवलं, दारात आलेल्या माणसाला उगीच परत पाठवायचं न्हाई. पण तुम्ही न्हाई म्हणले तर मी वकीलपत्र घेत न्हाई."

एका शब्दाचे काम होते. मी तो शब्द उच्चारला नाही. मी म्हणालो, "घे! बिलकुल घे! बघतो मी तुला." ती उठून गेली. मग दिवसभर मी गिऱ्हाईकांशी भांडलो.

संध्याकाळी बोळीत बद्री जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला. म्हणाला, "राधू, माल तू तयार केलास, म्हणून डोळे झाकून घेतला." मी दुकानाचे शटर ओढले. त्या रात्रीपासून छातीत दुखायला लागले. डॉक्टर म्हणतात दुखणे जुने आहे. मला तसे वाटत नाही.

६. ~~माझ्यामागे वर्ग बंद करावा आणि हॉल मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यावा.~~ हे कलम मी खोडले आहे. गेल्या रविवारी हेच सांगायला मी शिडीने वर गेलो होतो. नववीतली एक नवी मुलगी दारात उभी राहून पुकारा देण्याचा सराव करत होती. मला बघून तिने सगळा जोर लावून आवाज दिला, "राधेश्याम रामनिवास झंवर, हाजिर हो!" माझ्या तोंडून "हाजिर" निघून गेले आणि मी नेहमीच्या जागी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो. बंद करायचे बोलणे झालेच नाही.

म्हणून आता असे की दुकानावरचा हॉल वर्गाच्या नावाने विश्वस्तांकडे द्यावा. विश्वस्तांत संतोषबाई आणि वर्गातून नोकरीला लागलेली दोन मुले असावीत. वर्ग रविवारीच भरावा. चहा बिनसाखरेचा असावा.

७. ~~या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून अॅड. दैवशाला गाढे यांना नेमतो.~~ हेही खोडले आहे. काल मी तिला बोलावून हे कलम वाचून दाखवले. धम्मपाल समोर होते. ती लगेच म्हणाली, "हे काढा."

मी म्हणालो, "का? माझा तुझ्यावर विश्वास आहे."

"विश्वास न्हाई शेटजी, डाव आहे. तुम्हाला काही झालं तर व्यवस्थापक म्हणून दाव्यात तुमच्या जागी मीच येणार. मंग काकांचं वकीलपत्र मला सोडावं लागंल. बराबर?"

बराबरच होते. मी तीन दिवस त्यावर डोके लढवले होते. धम्मपाल इतके हसले की त्यांचा चष्मा चहात पडला. दैवशाला मात्र हसली नाही. माझ्या खुर्चीजवळ येऊन म्हणाली, "मेल्यावरचं काय लिहून राह्यले तुम्ही? ऑपरेशन करून जल्दी या. मला तुमच्या तोंडावर युक्तिवाद करायचाय. तुम्ही न्हाई बसले समोर तर मी कोणाला दाखवू?" तिचे डोळे भरून आले आणि तिने ते कोटाच्या बाहीने पुसले. मी पोत्यांच्या थप्पीकडे बघत राहिलो, कारण माझेही तेच झाले होते.

व्यवस्थापक मयंक राहील.

८. मयंकला शेवटच्या सूचना. मी मंगळवारी गेलो तर रडारड आटोपून माझ्या जागी वारस म्हणून तुझे नाव दाव्यात लावून घे. जी तारीख मिळेल तिला स्वतः हजर राहा, फोनवरून नाही. वर्गाच्या मुलांना सोबत ने, मागच्या बाकावर गुपचूप बसव. आपल्या वकिलांना सांग, समोर आपली पोर आहे म्हणून तिला सोपे जाऊ द्यायचे नाही. तिने मुदत मागितली तर विरोध करायचा. तिने जिन्याचा प्रश्न विचारलाच, आणि ती विचारणारच, तर खोटे उत्तर द्यायचे नाही.

आपण जिंकलो तर जिना आपला, पण तो पाडायचा नाही.

मला जिंकायचे आहे. तरुणपणापासून मला एवढे एकच हवे होते. आणि ती हरलेली मला बघवणार नाही. या दोन्ही गोष्टी छातीत एका वेळी मावेनात, म्हणूनच डॉक्टरांना ती उघडावी लागते आहे असे मी संतोषबाईला म्हणालो. ती म्हणाली, "गप पडा आता." पण मला पडवत नाही.

तेव्हा मयंक, नीट वाच. त्या दिवशी बद्रीकडून दुसरा कोणी वकील उभा राहिला आणि त्याने आपल्याला हरवले, तर उच्च न्यायालयात जायचे, तिथे नाही जमले तर दिल्लीला जायचे, लागेल तर दुकान विकायचे, पण सोडायचे नाही. दैवशाला उभी राहिली आणि तिने हरवले, तर अपील करायचे नाही. तिथल्या तिथे उठून तिला सांगायचे की वादीला निकाल मान्य आहे.

लिहून देणार : राधेश्याम रामनिवास झंवर (सही)

आम्ही खाली सही करणारे सांगतो की हा कागद श्री. झंवर यांनी स्वतः वाचून आमच्या समोर सही केला आणि त्यांच्या समोर आम्ही सह्या केल्या. सही करताना ते पूर्ण शुद्धीवर होते. बसून सही करा असे सांगितले असता त्यांनी ऐकले नाही.

साक्षीदार :
१. धम्मपाल पाईकराव, सेवानिवृत्त अधीक्षक, जालना (सही)
२. डॉ. शिखा भक्कड, जालना (सही)

स्थळ : मस्तगड, जालना
दिनांक : १० जानेवारी २०२६, शनिवार