गोदाचं माहेर

फैजपूर, २९ मार्च १९५५

पुस्तक आलं एकदाचं! ह्यांनी जळगावच्या वाचनालयातून आणलं. पाचशे पानं, जुन्या काळचं घराणं, तीन पिढ्या आणि एका चुलीवर चाळीस माणसं! मला असलंच लागतं. खून नको, राजाराणी नको. सासवासुना, रुसवेफुगवे, कुणी कुणाच्या भाकरीवर तूप कमी वाढलं... घरात हेच चालतं तेव्हा जीव नकोसा होतो, आणि पुस्तकात वाचते तर गूळ खाल्ल्यासारखं वाटतं. काय म्हणावं मला!

सासूबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्यात, डावं अंग गेलंय. म्हणाल्या, मोठ्यानं वाच. त्यांना पोथी आणि कादंबरी सारखीच.

२ एप्रिल

पाचव्या प्रकरणात घरचा म्हातारा वारला. मी पुस्तक मिटून वरणाकडं निघाले, तर सासूबाई ओरडल्या. "मरनावर पोथी मिटू नको वं!" मग बारसं येईपर्यंत वाचलं. वरण करपलं. आबा, म्हणजे सासरे, मुकाट्यानं जेवले. ह्यांनी मात्र तोंड वाकडं केलं.

६ एप्रिल

आज गोदा आली पुस्तकात. थोरली लेक. बापाचं तिच्या सासऱ्याशी बिनसलं, आणि तिचं माहेर तुटलं. सासूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं.

आमच्याकडं तेच. नणंदबाई, मंजुळाबाई, नरडाण्याला दिल्या आहेत. सहा वर्षांमागं त्यांच्या दिराच्या लग्नात आबांना मानाचा फेटा बांधायचा राहिला. तेव्हापासून ना कुणी गेलं, ना आलं. एका फेट्यापायी!

सासूबाईंनी विचारलं, "आखाजीले तरी आनतील का वं तिले?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर लेकी येतात, झोके बांधतात. गोदाला की मंजुळाबाईंना, ते मी विचारलं नाही. ह्यांच्याजवळ विषय काढला, तर म्हणे आबांपुढं माझं काय चालतं. आणि माझं? मी तर धुळ्याहून आलेली सून.

९ एप्रिल

राहवेना, चुलीपाशी बसून पुढचं वाचून काढलं. गोदा सासरीच मरते. दोन ओळींत! तूप वाढायला पान पान खर्चलं, आणि पोरीला दोन ओळी! खूप रडले. आणि लाज वाटते लिहायला, पण रडताना बरंही वाटत होतं. पुस्तक खाली ठेववेना.

पण हे सासूबाईंना कसं वाचून दाखवू?

१२ एप्रिल

खोटं वाचलं. नजर पानावर, आणि मनचं बोलत गेले. गोदाला ताप आला, उतरला. सासूबाईंनी हुश्श केलं. आता रोज रचावं लागणार! आबा ओट्यावर पाठमोरे बसून सुपारी कातरत असतात. ऐकतात की नाही, देव जाणे.

१३ एप्रिल

आज काहीच सुचेना. गोदाच्या जावेचं भांडणच अर्धा तास ओढलं. सासूबाईंना फार आवडलं.

१७ एप्रिल

धीर करून गोदाच्या बापाला तिला आणायला गाडी जुंपायला लावली. आवाज जरा मोठाच काढला, ओट्यावर जाईल इतका. सासूबाईंनी आबांना आत बोलावलं. तोंड वाकडं झालंय, तरी शब्द नीट उमटले. "पोथीतला बाप निंघाला. तुमी कवा निंघता?"

आबा उठले, टोपी घातली, मळ्यात निघून गेले. माणूस आहे की धोंडा! मला इतका राग आला की ताट वाढताना आदळलंच. उपयोग काय? सासूबाई दिवसभर दाराकडं बघत पडल्या. आखाजी सात दिवसांवर, आणि मी कागदावरची गाडी हाकतेय.

२० एप्रिल

सासूबाई जेवत नाहीत. आधी गोदा घरी येऊ दे, म्हणतात.

२१ एप्रिल

आबांनी गोठ्याकडं बोलावलं. खरं सांग म्हणाले, पुस्तकात ती पोर येते का? मी सांगितलं, नाही आबा, मरते.

मग त्यांनी सांगितलं. मंजुळाबाई होळीच्या दुसऱ्या दिवशी वारल्या. कार्ड आबांच्या हाती पडलं. त्यांनी मळ्यातल्या विहिरीवर अंघोळ केली आणि कुणाला सांगितलं नाही.

"तुह्या सासूले सोसनार नाई. तू वाचते तसंच वाच. आखाजीले आन तिले घरी."