सीतेच्या वेणीला मागाचा खड्डा

मी भागीरथाबाई, कै. दादाजी सोनकुसरे यांची बायको, राहणार गोळीबार चौक, नागपूर. छातीत दम उरला नाही, पण डोकं जागेवर आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, माझ्या मर्जीने सांगते आणि शेजारचे कृष्णकांत मास्तर लिहून घेतात.

१. घर माझं आहे. नवरा गेल्यावर मी स्वतः मागावर बसले. बाई मागावर बसली म्हणून पंचांनी नावं ठेवली. त्याच कमाईचं हे घर, कोणाच्या बापाचं नाही.

२. मागाच्या खोलीत सीतेची वेणी टांगली आहे, झाडाच्या फांदीवर जगणारं फुलझाड. यांनी ती रामटेकच्या जंगलातून, मोडून पडलेल्या फांदीवरून आणली. उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून आम्ही मागाचा, पाय सोडून बसायचा खड्डा ओला ठेवतो, त्या ओलाव्यावर ती जगते. हे गेले तो वैशाखच होता. आमच्यात सुतकात माग बंद, खोलीला कडी. सुतक फिटल्यावर उघडलं, तर पानं पार सुरकुतलेली. पुतण्या देवरावाला दया आली, त्याने तिला कुंडीत काळ्या मातीत शेणखत घालून लावलं. हिची मुळं हवेत लोंबणारी, ती कुजली. एक कोंब वाचला. तो मी मागाच्या मोडक्या लाकडाला सुतळीने बांधला, तीच ही.

३. आता देवराव म्हणतो, "काकू, कोन बसते आता मागावर? खड्डा बुजवून खोली भाड्यानं देऊन टाकू." मातीची बैलबंडी दाराशी उतरलीसुद्धा. मी मरायची वाट पाहून राहिला मेला! ती माती मी देवरावास देते. उचलून न्यावी. बाकी त्याला काही नाही.

४. घर, माग आणि वेणी देवरावाची बायको गोपिका हिला, एकटीच्या मालकीने. खड्डा बुजवायचा नाही. काल तिला विचारलं, "नवऱ्याले भेतं का वं?" म्हणाली, "भेतो नं काकूबाई. पन मागावर मी बसतो." खरं बोलली, म्हणून तिलाच.

५. आताही वैशाख आहे. वेणीला तुरा निघाला आहे, कळ्या मिटलेल्या आहेत. माझा जीव त्यांच्यात अडकला आहे. माझ्या सुतकात माग खुशाल बंद ठेवा, पण खोलीला कडी घालायची नाही. पंच बोलले तर माझं नाव सांगा, मेलेल्या बाईला कोण वाळीत टाकतं? गोपिके, माझ्या तोंडात गंगाजळ घालशील, त्याआधी खड्ड्यात पाणी शिंपडून ये. तोवर मी थांबते.

वाचून दाखवलं, ऐकलं, कबूल.

भागीरथाबाई सोनकुसरे, डाव्या अंगठ्याची निशाणी
साक्षी: विश्वनाथ पराते, मधुसूदन निखारे (दोघांच्या सह्या, माझ्या खाटेजवळ)
नागपूर, २६ मे १९३७