निळ्या काचांचा चष्मा

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींनाही नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. अक्षरं ओळीवरून खाली घसरली आहेत, पण टोमणे जागच्या जागी आहेत, म्हणजे प्रकृती बरी असावी. इकडे सगळं नेहमीसारखं. प्रिंटर बिघडतात, लोक ते माझ्या टेबलावर आणून आपटतात, मी दुरुस्त करतो.

कोरायचं मशीन पुन्हा नव्याने करायचं म्हणतेस, तर काय काय लागेल ते कळवतो. लेझर पाच वॅटचाच घेऊ. दहाचा लाकूड झटपट कापेल, पण तुला कुठे कापायचंय? तुला डब्यांच्या झाकणांवर पानंफुलं कोरायची, आणि बारीक रेघ पाचचाच चांगली काढतो. मोटरी जुन्या प्रिंटरमधल्या नकोत. मागच्या वेळी मी हट्टाने त्याच लावल्या आणि तुझ्या फुलांच्या पाकळ्यांना पायऱ्या पडल्या. पट्टा आतून तार असलेला हवा, साधा रबरी ताणला जातो. चौकट ॲल्युमिनियमचीच. खाली चकचकीत पत्रा अजिबात नको, त्यावरून प्रकाश उलटतो. काळी जाळी टाकू. धूर ओढायला पंखा. झाकण उघडलं की लेझर आपोआप बंद पडेल असं एक बटण. ते मागच्या वेळी "पुढच्या आठवड्यात बसवतो" म्हणत राहूनच गेलं.

चष्म्याचं लिहायचं राहिलंय. तिथे येऊन दोन दिवस अडलो.

तू लिहिलंस, "चष्मा तोच दे. या वेळी दोरीने डोक्याला बांधूनच घेईन, माझ्या हातांचा मला भरवसा उरला नाही रे." भावोजी तुला एकटीला गॅस लावू देत नाहीत. इस्त्री लपवून ठेवली आहे. कुलूप लावलं की नाही ते बघायला तू तीन-तीनदा जिन्यावरून परत जातेस. हे सगळं तू गंमत म्हणून लिहिलंस. मी ते दुकानात उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. काहीच वाटलं नाही. गेले चार महिने मला कशाचं फारसं काही वाटतच नाही. जेवतो, झोपतो, गिऱ्हाइकांशी नीट बोलतो. बायको म्हणते, "तुमच्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं सारखंच."

चार महिन्यांपूर्वी, त्या दिवशी, मी मशीनच्या पलीकडच्या टोकाला पट्टा ताणत होतो. पट्टा, मोटर, भिंग, सगळं मी चार ठिकाणी विचारून, मोजूनमापून निवडलं होतं. चष्मा मात्र खणातून काढून तुझ्या हातात दिला. जुन्या लाल किरणाच्या यंत्राबरोबर आलेला, निळ्या काचांचा. लेझरचा चष्मा म्हणजे लेझरचा चष्मा, असं धरून चाललो. आपला किरण निळा, आणि निळी काच तो आरपार जाऊ देते. तू वाकून ठिपका बारीक करत होतीस. म्हणालीस, "अरे वा, काय लख्ख दिसतोय!" योग्य चष्म्यातून तो जेमतेम दिसायला हवा, हे मला माहीत होतं. मी "छान" म्हणालो आणि पट्टा ताणत राहिलो.

तुझा डोळा भाजला, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी चष्मा आणून दाखवा म्हटलं. तो आणायला दुकानात गेलो तेव्हा दांडीवरचा आकडा पहिल्यांदा वाचला, तो फक्त लाल किरण अडवणारा होता. खाली बसलो. मग उठून बाजारात गेलो, केशरी काचांचा नवा घेतला, नवा वाटू नये म्हणून काचांवर बोटं फिरवली आणि तो नेऊन दिला. तुझ्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, तुला समोरचं धड दिसत नव्हतं. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. "चष्मा बरोबर आहे. बाईंनी मध्येच काढला असणार."

भावोजी केवढे ओरडले तुझ्यावर. तू म्हणालीस, "नाही हो, नव्हता काढला." मग माझ्या बाजूला तोंड वळवलंस. "तू होतास ना रे तिथे?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

तू म्हणालीस, "असेल. काढला असेन."

उजव्या डोळ्यापुढचा तो काळा डाग आता जाणार नाही म्हणतात. समोरच्याचे कान दिसतात आणि नाक दिसत नाही, असं तू हसत सांगतेस. त्याला माझ्याकडे उपाय नाही. पण दुसरी गोष्ट, तुझा हातांवरचा भरवसा, तीही मीच तुझ्याकडून काढून घेतली, आणि ती चार महिने परत दिली नाही. मला भीती वाटत होती, एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तो निळा चष्मा या पत्राबरोबर पाठवतोय. डॉक्टरांना दाखवा. मशीन दुसऱ्या कोणाकडून करून घेतलंस तर वर लिहिलेलं त्याला दे, ते सगळं बरोबर आहे.

तुला आलेली पत्रं हल्ली भावोजीच मोठ्याने वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हेही तेच वाचत असणार. भावोजी, पुढची ओळ सावकाश वाचा, आणि ताई ऐकून काही बोलली नाही तर पुन्हा वाचा.

ताई, तू चष्मा काढला नव्हतास. एकदाही नाही. मी बघत होतो.

"तुझा" असं लिहायचा धीर होत नाही.

धाकटा