मंदाआत्या, त्या गाण्याचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता

प्रिय मंदाआत्या,

तुला जाऊन सहा महिने झाले आणि आज मला तुझी माफी मागायची आहे. खरं तर माफी मागावी की नाही, हेच कळत नाहीये. म्हणून लिहायला बसले.

आज क्लासमध्ये नव्या मुलींना जपानी व्याकरण शिकवत होते. हो, मी आता शिकवते! ज्या कल्याणच्या क्लासला तू मला सकाळी डबा देऊन पाठवायचीस, तिथेच. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'इएबा योकात्ता', आणि माझा हात तिथेच थांबला. हे तर तुझ्या गाण्यातलं वाक्य!

आठवतंय ना? मी जपानी शिकायला लागले तेव्हा कानाला सवय व्हावी म्हणून गाणी ऐकायचे. तू शेजारी मशीनवर ब्लाउज शिवत असायचीस. दोन दिवस तू शिवता शिवता नुसतं ऐकलंस. तिसऱ्या दिवशी मशीन थांबवलंस.

"काय बोलते गो ती बाई? एवढी का रडते?"

"तिचं एकावर प्रेम आहे, पण त्याला माहीतच नाही. त्याला काताओमोई म्हणतात. काता म्हणजे जोडीतला एकच. ओमोई म्हणजे मनातलं."

तू सुईत दोरा ओवत म्हणालीस, "म्हंजे बटण लावलं, पण समोर काजच नाय."

सरांनी अर्धा तास घालवून जे समजावलं होतं, ते तू एका वाक्यात सांगितलंस!

मग रोजचंच झालं. टोकावड्याच्या आपल्या त्या खोलीत बायका मापं द्यायला यायच्या आणि फोनवर जपानी बाई रडत असायची. "हे काय लावलंय गो मंदा?" असं कुणी विचारलं की तू ऐटीत सांगायचीस, "भाचीचा अभ्यास आहे." माझा त्या दिवसाचा अभ्यास कधीच संपलेला असायचा, आत्या. तुलाच ऐकायचं असायचं.

त्यातलं बर्फाच्या गावातल्या बाईचं गाणं तू पुन्हा पुन्हा लावायला सांगायचीस. तिचा माणूस बोटीने निघून जातो आणि ती धक्क्यावर उभी राहते. शेवटी ती काय म्हणते, असं तू विचारलंस. 'योकात्ता' म्हणजे 'बरं झालं', एवढंच मला तेव्हा येत होतं. मी ठोकून दिलं, "ती म्हणते, सांगितलं ते बरं झालं."

तू पुन्हा मशीन चालवायला लागलीस. पुन्हा का नाही विचारलंस गं मला? दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी वही उघडून बघितलं असतं!

आठवड्याने तू लिंबू रंगाची साडी नेसून जीपने मुरबाडला गेलीस. दुपारी परत आलीस आणि चप्पलही न काढता म्हणालीस, "सांगून आले."

"कुणाला? काय?"

तेव्हा कुठे मला हरीभाऊ कळले. तू विशीत असताना मुरबाडला शिवणक्लासला जायचीस, त्या एसटीचे ड्रायव्हर. तू धावत येताना दिसलीस की ते गाडी थांबवायचे. त्यांचं लग्न ठरलं आणि तू क्लास सोडलास. नंतर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणालीस, आणि घरात कुणालाच कारण समजलं नाही. आता त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या ओटीवर बसून तू पस्तीस वर्षांचं सगळं सांगून टाकलंस.

"मग काय म्हणाले ते?"

"म्हणाला, मंदा, मी सगल्यांसाठीच थांबवायचो गाडी!"

आणि तू हसायला लागलीस. पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "आनि मी येडी त्या थांबण्यावर जगले!"

मी घाबरले होते. "वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. टोकावडं येईस्तोवर वाटलं. मग भूक लागली. भात वाढ."

त्या दिवशी तू दोनदा भात घेतलास. त्यानंतरची दोन वर्षं तू वेगळीच होतीस. गाणी तीच रडकी, पण आता तू त्या बायांवर ओरडायचीस. "अगो, उभी काय राहिलीस? जा, सांग त्याला!" शिवायला आलेल्या पोरी पोट धरून हसायच्या.

आत्या, 'इएबा योकात्ता' म्हणजे 'सांगितलं असतं तर बरं झालं असतं'. त्या बाईने सांगितलंच नव्हतं. ती जन्मभर हळहळत बसली आणि तिचं ऐकून तू मात्र जाऊन आलीस! आज फळ्यासमोर मला आधी रडू आलं, मग हसू. मुली बघतच राहिल्या.

तुझ्या तेराव्याला हरीभाऊ आले होते. मागे उभे होते, जेवले नाहीत. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आले.

"त्या दिवशी मला नीट बोलता नाय आलं. तिला लागलं का गो?"

"नाही. ती खूप हसली. भात मागितला तिने."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "छत्तीस वर्सं गाडी चालवली. सगल्यांसाठी थांबलो. पन माझ्या दारात येऊन त्या थांबन्याचं काय झालं ते सांगनारी ती एकटीच. मानूस म्हनून ती कशी होती, ते मला कायच ठाव नाय."

त्या दिवशी मी मान हलवली आणि भांडी आवरायला गेले. तेवढं माझं चुकलंच.

तुला शब्द देते, येत्या रविवारी मी मुरबाडला जाणार. त्यांच्या ओटीवर बसणार आणि तू कशी होतीस ते सांगणार. तू चिडलीस की कात्री कशी आपटायचीस, मिरचीचं लोणचं कसं घालायचीस, माझ्या फीसाठी दिवाळीत किती ब्लाउज शिवलेस, सगळं. एका रविवारी संपणार नाही. पुन्हा जाईन.

तुझीच,
सोनल