उंबरमाळचा धूमकेतू

१६ जानेवारी १९९८

एकदाची पोचले. सावळघाटात टेम्पोवाल्याने विचारलं, गोदडीत गुंडाळलेली ती नळी बोअरवेलची का. दुर्बीण आहे म्हटल्यावर त्याने उरलेला घाट इतका जपून काढला की मला हसू आवरेना.

त्रेचाळिसाव्या वर्षी शहरातली शाळा सोडून संस्थेच्या आश्रमशाळेत बदली मागणारी विज्ञानाची बाई म्हणून नाशिकच्या ऑफिसात माझी भरपूर थट्टा झाली. उंबरमाळ बघून वाटतं, मीच शहाणी. दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, पुढे सारवलेलं अंगण, मग भाताची कापलेली खाचरं आणि थेट पश्चिमेच्या डोंगरांपर्यंत आड येणारं काही नाही. संध्याकाळी वीज जाते म्हणून मुख्याध्यापकांनी माझी माफी मागितली. मी त्याचसाठी आलेय, हे त्यांना कसं सांगू?

दुर्बीण उभी करताना पोरांचा गराडा पडला. स्वयंपाकाच्या भागीबाई चहा घेऊन आल्या होत्या. "सरका रं, बाईनं तोफ आनलीय, पेठवर डागायचीय," असं म्हणत त्यांनी सगळ्यांना पळवलं. मला आवडल्या.

१८ जानेवारी

अंधार पडल्यावर तासभर आकाश चाळलं. नाशिकच्या घराच्या गच्चीवरून कधी दिसले नाहीत इतके तारे. सुनीलला हे आकाश मिळायला हवं होतं. आठ इंची आरसा त्याने स्वतः घासला, बँकेतून आल्यावर अठरा वर्षं धूमकेतू शोधला. तो बघायचा, मी लाल कागद लावलेली बॅटरी धरून टिपणं घ्यायचे. नवा धूमकेतू सापडला की त्याला शोधणाऱ्याचं आडनाव मिळतं. 'निकुंभ' कसं वाटतं, असं तो मला दर दिवाळीला विचारायचा. गेल्या एप्रिलात, सगळं जग तो मोठा धूमकेतू बघत असताना, काविळीने गेला.

त्याचा शोध पुढे चालवायला आले, असं मी लोकांना सांगते. ते कितपत खरं आहे याची खात्री नाही. कदाचित त्या घरात संध्याकाळ काढवत नव्हती, एवढंच असेल.

२१ जानेवारी

घाई न करता, नीट लिहिते. मीन राशीत, उत्तराभाद्रपदांच्या खालच्या अंगाला, एक पुंजका आहे. आरशावर कुणी हलकेच श्वास सोडावा तसा. नकाशात तिथे काही नाही. भिंग बदललं, नळी फिरवली, आरसा तपासला. पुंजका तिथेच.

सुनीलचा नियम होता: तीन संध्याकाळी बघितल्याशिवाय कुणाला बोलायचं नाही. पाळणार आहे.

२३ जानेवारी

तो सरकलाय! शेजारच्या ताऱ्यापासून स्पष्ट अंतर पडलंय. म्हणजे तेजोमेघ नाही. मात्र परवापेक्षा अंधूक आहे. लांब चाललाय. काही दिवसांत दिसेनासा होईल.

आनंद झाला, आणि लगेच रडू आलं. बघायचं थांबवलं नाही. चष्मा काढून ठेवला, डोळे पुसले, पुन्हा लावला. तो डोंगराआड जाईपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही.

२४ जानेवारी

भागीबाई आज रागावल्या. भाकरी थापता थापता विचारलं, मालकांचं वरीस भरलं का. मी म्हटलं, चैत्रात भरेल. त्यावर त्यांनी हातातला गोळा खाली ठेवला.

या पाड्याची रीत मला त्यांनी सांगितली. घरातलं माणूस गेलं की वर्ष भरेपर्यंत त्या घरच्यांनी दिवेलागणीनंतर आकाशाकडे बघत बसायचं नाही. अंगण ओलांडायचं तरी पदर कपाळावर ओढून. गेलेलं माणूस जाता जाता मागे वळून बघत असतं. नजरेला नजर मिळाली की ते थबकतं. मग माघारी फिरतं. भागीबाईंचं पुढचं बोलणं जसंच्या तसं लिहिते: "आन् माघारी येतं ते आपलं मानूस नसतं, बाई. नुस्ती त्याची ओढ येती. तिला हात असत्यात, तोंड नसतं."

त्यांची मुलगी नवसा दिवाळीत, पिंपळगावला द्राक्षांच्या कामावर असताना बाळंतपणात गेली. तेव्हापासून त्यांनी चांदणी पाहिली नाही म्हणतात. मी ऐकून घेतलं. वाद घालणं क्रूरपणाचं झालं असतं. पण पदर काही ओढला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपून एसटीने पेठला गेले, एसटीडीवरून ललितला फोन केला. ललित सुनीलचा मित्र, दोघांनी मिळून आरसे घासले. आधी म्हणाला, वहिनी, आरसा पुसा, तिथे काजळी पडते चुलीची. मग ऐकत गेला, गंभीर झाला. आज गंगापूर धरणापलीकडे जाऊन बघतो म्हणाला. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय शोध धरत नाहीत.

२८ जानेवारी

पुन्हा पेठ. ललितला काही दिसलं नाही. त्याच्यापेक्षा मोठी दुर्बीण असलेल्या दोघांनाही त्याच जागी काही नाही. फार प्रेमाने बोलला. वहिनी, थोडे दिवस नाशिकला या, आमची ज्योत्स्ना पण म्हणतेय, घरी राहा आमच्याकडे. त्याला वाटतंय मी दुःखाने काहीतरी बघतेय. मलाही ते वाटून गेलं. तपासायलाच हवं.

संध्याकाळी पाहिला. आहे. अंधूक होणं थांबलंय. सरकणंही.

३० जानेवारी

सरकत नाही. उजळतोय.

याचा अर्थ मी दहावीच्या पोरांना शिकवू शकेन. मालेगाव रस्त्यावर रात्री उभं राहिलं तर आडवी जाणारी गाडी सरकताना दिसते. सरळ आपल्यावर येणाऱ्या गाडीचे दिवे जागचे हलत नाहीत, नुसते मोठे होत जातात.

कुठलाही धूमकेतू असा वळत नाही. निरीक्षण चुकीचं असलं पाहिजे. दुसरा माणूस हवा.

३१ जानेवारी

दुसरा माणूस आपण होऊन आला. दिवे लागल्यावर भागीबाई अंगणात आल्या. पदर खांद्यावर. "एक डाव मला बी दाव," म्हणाल्या. का, ते मला लगेच कळलं. मी नको म्हणायला हवं होतं. त्यांना काय हवंय हे समजत होतं, आणि मला साक्षीदार हवा होता. मी बाजूला झाले.

कुठे बघायचं ते सांगितलं नाही. कागदावर वर्तुळ काढून दिलं, ठळक तारे मांडले, काही वेगळं दिसलं तर टिंब द्या म्हटलं. त्यांनी पेन्सिल मुठीत धरून टिंब दिलं. नेमकं तिथेच.

मी खरंच टाळी वाजवली. त्या मात्र भिंगापासून हटेनात. हळू आवाजात पोरीशी बोलत होत्या, काही खाल्लंस का गं, अंगावर काय घेतलंस. मी हात धरून त्यांना घरी पोचवलं. वाटेत त्या हसत होत्या.

१ फेब्रुवारी

भागीबाई गेल्या.

सकाळी चूल पेटली नाही म्हणून मी आणि मुख्याध्यापक बघायला गेलो. त्या अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड वर, डोळे उघडे. दोन्ही हात समोर गोल धरलेले, कुणाला तरी पोटाशी घेतल्यासारखे. हात सरळ होईनात. सगळं अंगण दवाने ओलं होतं. त्यांची मांडी कोरडी होती.

मुख्याध्यापक म्हणाले, थंडीने हृदय बंद पडलं असेल. असेल. मी टाळी वाजवली होती.

२ फेब्रुवारी

पाड्यावरचं कुणी मला दोष देत नाही. बाया माझ्या दारावरून जाताना पदर पुढे ओढतात, इतकंच.

दुर्बीण गोदडीत बांधून आतल्या खोलीत ठेवली. चैत्रापर्यंत बघायचं नाही. कठीण नाही. नुसतं मान खाली घालून राहायचं.

३ फेब्रुवारी

विहिरीवरून येताना मान वर गेली. दुर्बीण लागत नाही आता. आकाशात अर्धा चंद्र होता, त्याच्या उजेडात असला पुंजका दिसायलाच नको. आजूबाजूचे तारे फिके झाले होते. तो फिका नव्हता.

शेपूट नाही. दोन्ही अंगांनी काहीतरी पुढे आलंय. लांबट. हात म्हणायचं नाही मला.

४ फेब्रुवारी

मीन रास डोंगराआड गेली. तारे एकामागून एक मावळले. तो मावळला नाही. कड्याच्या वर तसाच राहिला. मग कड्याच्या अलीकडे.

मी का बघतेय?

५ फेब्रुवारी

शाळेत शिकवता आलं नाही. ललितला पत्र लिहिलं, शोध मागे घेते, निरीक्षण सदोष. फाडलं. सदोष नव्हतं.

आज पाचच्या आत दार लावून घेतलं. कौलांच्या फटींतून उजेड येतोय. चंद्र पलीकडच्या अंगाला आहे. फट बुजवली. उजेड दुसऱ्या फटीतून. घरभर माझ्याकडे सरकत—

मोठ्याने पाढे म्हणत बसले. मुलांसारखे.

६ फेब्रुवारी

खरं काय ते लिहिते. मी धूमकेतू शोधतच नव्हते. त्या पहिल्या दिवसांत तो लांब चालला होता, बिचारा, गुमान चालला होता. मी जाऊ दिलं नाही. नाव द्यायचं म्हणून नाही. चष्मा पुसून पुन्हा बघत राहिले. आणि भागीबाईंना—

खाचरांत आता उजेड आहे. पावलं नाहीत. गवत वाकत येतंय.

७ फेब्रुवारी

अंगणात आहे. दार वाजवत नाही. नुसता उभा. दाराखालच्या फटीतून सावली पडायला हवी तिथे उजेड.

बघितलं नाही. अजून नाही. चैत्र फार लांब नाही, सकाळ होईलच, सकाळी मुलं येतील—

बोलत नाही. तोंड नसतं म्हणाल्या होत्या.

श्वासही नाही. तरी दार धपापतंय.

हा सुनील नाही. मला माहीत आहे. पुन्हा लिहिते, हा सुनील नाही. भागीबाईंची मांडी मी पाहिली आहे. उघडलं तर काय होईल ते मला—

कुडकुडतोय. कडी हलतेय त्याने.

हा सुनील नाही. पण त्याच्या अंगावर काही नाही, आणि बाहेर इतकं गार—