डावीकडून येतोय

८ सप्टेंबर, सकाळ

निघाले बाई एकदाची! जुन्या स्टेशनापुढे रॉडनीने गाडीतून सायकल उतरवून दिली, पण तोंड असं केलं होतं, जणू माझ्या दफनालाच आलाय. गेल्या हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर मी घसरले काय, चिरंजीवांनी वृद्धाश्रमाचा धोशाच लावला. शेवटी पैज ठरली. ही जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट मी एकटीने पुरी केली, तर तो विषय कायमचा बंद. वाटेत एकदा जरी 'न्यायला ये' म्हणून त्याला फोन केला, तर घर विकून मुकाट्याने तिकडे राहायला जायचं. सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी सायकल हाणायची वेळ आली! हाणीन. आणि परत आल्यावर ही वही त्याला मोठ्याने वाचून दाखवीन.

संध्याकाळ

रूळ केव्हाच उपटून नेले, आता वर बारीक खडी दाबून बसवलीय. चाकांखाली दिवसभर तिची चुरचुर. दोन्ही बाजूंना मका उभ्याउभ्या वाळतोय. हंगाम सरत आल्यामुळे गर्दी नाही. मागून येणारा शिरस्त्याप्रमाणे 'डावीकडून!' अशी हाक देतो, आपण उजवीकडे सरकायचं, तो आभार मानून पुढे जातो. आमच्याकडची माणसं याबाबतीत फार रीतीची. दुपारी एका पुरुषाने अशीच हाक दिली. आवाज गोड, आधी जरासा खाकरला. मी सरकले. अंगावरून वारा गेला, 'आभारी आहे' ऐकू आलं, पण पुढे कोणी गेलेलं दिसलं नाही. कानात वारं भरलं असेल. जेवायला ताटाबाहेर जाईल एवढा तळलेला डुकराचा तुकडा होता. सगळा संपवला.

९ सप्टेंबर

तोच माणूस. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. तसंच खाकरणं. मागे वळून पाहिलं तर वाट सरळसोट रिकामी. दुसऱ्यांदा सरकले, तर पुन्हा हाक आली, अजून सरका अशा सुरात. काटेरी झुडपात शिरले, दंड रक्तबंबाळ. मग कुठे आभार मानले त्याने! मला भीती वाटली, खरंच वाटली. पण रॉडनीला हे सांगितलं, तर पैजेचीही गरज उरणार नाही. म्हातारीला आवाज ऐकू येतात म्हणून तो उद्याच खोली ठरवून टाकेल.

१० सप्टेंबर

धान्याच्या कोठाराशेजारी बर्नीस नावाच्या बाईचं खानावळवजा दुकान आहे. तिथे तीन म्हातारे शेतकरी कॉफी ढोसत बसले होते. माझा दंड पाहून एकाने विचारलं, काय बाई, गाठलं का त्याने? मी दंड झाकला. तेव्हा दुसरा म्हणाला, सरकायचं हं. नाही सरकलं की त्याला वाईट वाटतं. शेजारच्या गावचा एक मास्तर म्हणे हट्टाने मधोमध चालवत राहिला. मास्तर मक्यात सापडला, तोही एका ठिकाणी नाही. सायकल मात्र वाटेवर उभी होती, स्टँडवर लावलेली! यावर तिघेही पोट धरून हसले. बर्नीसने त्यांना दटावलं, बाईंना केक तरी सुखाने खाऊ द्या मेल्यांनो. मग माझ्या कपात कॉफी ओतताना हळूच म्हणाली, त्याला जागा लागते इतकंच, पण दर वेळी थोडी जास्त लागते.

बाहेर येऊन रॉडनीचा नंबर काढला. तो इतका खूश होईल की मला बघवणार नाही. फोन परत खिशात टाकला आणि निघाले.

११ सप्टेंबर, सकाळ

मोठा लाकडी पूल. उजवीकडचा कठडा वसंतातल्या पुराने नेला, तिथे नुसती नारिंगी प्लास्टिकची जाळी बांधलीय. खाली नदी, फार खाली. सायकल हातात धरून मधोमध चालले. हाक आली नाही. पार झाले! आता दोनच गावं उरली.

नंतर

पूल संपून थोडंच पुढे. हाक. सरकले. परत हाक. भरावाच्या कडेला गेले, तरी परत— मी ओरडले, अरे, आता कुठे सरकू? सरकलेच पण. घरंगळले. घोटा मोडलाय, हाड दिसतंय. 'आभारी आहे' अगदी कानाशी.

दुपार

सरपटत पुलाच्या तोंडाशी आले. फोन केला. हरले.

रॉडनीला आनंद लपवता येईना. अलीकडचा रस्ता खचलाय, म्हणून गाडी पलीकडच्या गावात लावून पुलावरून चालत येणार. मी त्याला सगळं सांगितलं. कोणी हाक दिली तरी सरकू नको म्हटलं. मग मास्तर आठवला. म्हटलं, नाहीतर पुलावर येऊच नको. 'बरं बरं, आई,' म्हणाला. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांशी असंच बोलतात.

आला. त्या टोकाला, लाल टोपी. हात करतोय.

मधोमध चालतोय. फोन लावला, उचलत नाही. हातात उरलीय ही वही—

खाकरला. इथपर्यंत ऐकू आलं.

रॉडनीने वळून पाहिलं. ऊन डोळ्यांवर. हाताने आडोसा करून बघतोय, कोण येतंय—

ओरडतेय मी. वारा उलटा.

लहानपणी दुकानाच्या दारात कान पिरगळला होता याचा. मागचा खोळंबला की आधी बाजूला व्हायचं म्हणून. मीच—

हसला तो. टोपीला हात लावला. उजवीकडे एक पाऊल.

परत हाक.

अजून एक—

रॉडनी, ती नुसती जाळी आहे, रॉड