न धरायचे तीन महिने

प्रिय चिझुरु,

पाकीट उघडण्याआधी तू ते नाकाला लावून बघितलं असशील. वास येत असेल तर इलाज नाही. आमच्या घरातल्या कपड्यांना, कागदांना, फुमिए आत्याच्या केसांनाही नात्तोचा वास असतो, आणि आम्हाला तो येत नाही. सेन्दाईला माझ्या स्वेटरवर डोकं ठेवून तूच पहिल्यांदा म्हणालीस की तेप्पेई, तुझ्या अंगाला ओल्या पेंढ्याचा वास येतो रे, गोठ्यात झोपल्यासारखं वाटतं. तू ओसाकाची, तुमच्याकडे नात्तोसाठी सोयाबीन आंबवून त्याला तार सुटेपर्यंत ठेवणाऱ्यांना अर्धवट समजतात. तर अर्धवटांच्या घरची बातमी अशी की आजोबांच्या हृदयावर डिसेंबरात इलाज झाला, आता ते बरे आहेत आणि मी इथेच आहे. कॉलेज सोडल्याचं तुला कुणाकडून तरी कळलंच असेल. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एका सकाळी वर्गात जायच्या ऐवजी उत्तरेच्या गाडीत बसलो, एवढंच.

आजोबांचं हृदय गेली दोन वर्षं वेडंवाकडं पळत होतं. मध्येच धडधड, मध्येच गप्प. ते कुणाला सांगत नसत. सोयाबीनची पोती उचलताना भिंतीला टेकून उभे राहायचे आणि विचारलं की म्हणायचे, भिंत पडेल म्हणून धरलीय. शेवटी वाफेच्या खोलीतच खाली बसले तेव्हा आत्याने उचलून आकिताच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे मांडीच्या सांध्यातून बारीक नळी थेट हृदयापर्यंत घातली आणि जिथून ते चुकार झटके उठतात ती ठिकाणं आतूनच डागली. छाती उघडली नाही. चार दिवसांनी घरी आणलं तर मांडी वांग्यासारखी जांभळी, आणि सोबत मनाई. उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, गरम पाण्याच्या टाकीत उतरायचं नाही, बर्फ काढायचा नाही. छपरावर तेव्हा माणूस उभा गाडला जाईल इतका बर्फ होता. आत्या म्हणाली, बाबा, फावड्याला हात लावलात तर मी ते नदीत टाकून येईन. आजोबा म्हणाले, जा की, पण नदीपर्यंत जायला आधी बर्फ काढावा लागेल, फावडं घेऊनच जा. ती हसली नाही. मीही हसलो नाही, पण माझं कारण वेगळं होतं. मला तेव्हा कशाचंच हसू येत नव्हतं.

खरी मनाई पुढे होती. आजोबांची मूत्रपिंडं अशक्त आहेत, त्यामुळे रक्त पातळ ठेवायला त्यांना जुनीच गोळी चालते, आणि त्या गोळीचं आणि नात्तोचं हाडवैर आहे. नात्तो पोटात गेला की गोळी निकामी, रक्तात गाठ होऊन ती मेंदूत जाऊ शकते. डॉक्टर म्हणाले, नात्तो बंद, एक घाससुद्धा नाही. आजोबा म्हणाले, डॉक्टर, मी नात्तोच करतो. डॉक्टर म्हणाले, करा, खाऊ नका. आता तुला आठवत असेल, आमच्याकडे प्रत्येक घाण्याचं पहिलं पुडकं आजोबा उघडतात. पेंढा सोडायचा, काडीने ढवळायचं, सोया सॉस न घालता एक घास, मग डोळे मिटून थोडा वेळ. ते मान हलवतील तेव्हाच माल बाहेर जातो. आत्याला लहानपणापासून नात्तो आवडत नाही. नात्तोवाल्याच्या मुलीचं हे गुपित गावभर माहीत आहे. मग उरलो मी. आजोबांनी खाटेवरून काडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता तुझी जीभ.

आणि चिझुरु, माझ्या जिभेला काही लागत नव्हतं. सेन्दाईहून आल्यापासून भात काय, मिसोचं सार काय, सगळं कोमट ओल्या कागदासारखं. सेन्दाईला शेवटच्या भेटीत तुझ्या खोलीखाली मी उभा राहून ओरडलो, तुझ्या सायकलला लाथ मारली, तिचा दिवा फुटला, आणि तू वरून अगदी हळू म्हणालीस की मी ओसाकाला नोकरीवर चाललेय, तू शांत झालास की लिही, पण तू शांत कधी असतोस. त्यानंतर राग यायला हवा होता. मला तर राग येण्यासाठी कारणही लागत नाही, तुला माहीतच आहे. आला नाही. काहीच आलं नाही. पहिला घास घेतला तेव्हाही तसंच झालं. आजोबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, चांगलं आहे. ते म्हणाले, कसं चांगलं. मी म्हणालो, नेहमीसारखं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

नव्या वर्षाच्या सणाआधी त्यांना पुन्हा तसलं झालं. मनगटावर बोटं ठेवून मी रोज सकाळी त्यांची नाडी बघायचो. त्या सकाळी ती बोटांखाली पिशवीत कोंडलेल्या पाखरासारखी फडफडत होती. आत्याने गाडी काढली. मला वाटलं, एवढं डागलं, एवढं सोसलं, सगळं फुकट. दवाखान्यात मी त्या तरुण डॉक्टरवर आवाजही चढवला, म्हणजे चढवायला गेलो, पण निम्म्यात दम संपल्यासारखा झाला. त्याला सवय असावी. तो म्हणाला, पहिले तीन महिने असं होतं. डागलेली जागा अजून ओली असते, चिडलेली असते, ती उगाच झटके देते. या तीन महिन्यांत हृदय काहीही करो, आम्ही ते धरत नाही. इलाज लागू पडला की नाही, ते त्यानंतर जे होईल त्यावरून ठरवायचं. आजोबा परतीच्या वाटेवर गाडीत खूश होते. म्हणाले, फुमिए, पंचाहत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तुझं हे धरत नाही. आत्या म्हणाली, आमचं सगळं तुम्ही धरलंत, बाबा, तुमचं कुणी नाही धरलं तर काय बिघडलं. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत होतो. डॉक्टरचं ते बोलणं माझ्या डोक्यात तसंच बसून राहिलं.

मग जानेवारीत तो घाणा बिघडला. थंडी कडाक्याची, पुडकी आंबतात त्या उबेच्या खोलीत मी शेगडी जरा जास्तच वेळ ठेवली. सकाळी घास घेतला तेव्हा दातांखाली वाळूसारखं कचकचलं, ती जास्त आंबल्याची खूण, पण मला वाटलं पेंढ्याची धूळ असेल. म्हणालो, चांगलं आहे. माल गेला. दुपारी आमचा माल घेणाऱ्या, गरम झऱ्याच्या सरायवाल्या बाईंचा फोन आला. आत्याने आवाज मोठा केला, खोलीभर ऐकू गेलं. त्या आत्याला म्हणत होत्या, मोरोई बाई, रागावू नका, पण आज आमच्या पाहुण्यांनी विचारलं की न्हाणीघर धुतलंय का, इतका उग्र वास तुमच्या नात्तोला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं हो, आजोबांची तब्येत जास्त आहे का. आत्या फोन ठेवून नुसती माझ्याकडे बघत राहिली. आजोबांनी फक्त शेगडी किती वेळ ठेवली होती ते विचारलं. मला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या तपासणीत त्यांचं रक्त घट्ट निघालं. गोळी वेळेवर, मी स्वतः देत होतो. डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, नात्तो खाल्लात का. आजोबा छताकडे बघत म्हणाले, मी नाही खाल्ला, बायकोने खाल्ला, मी तिचं उष्टं घेतलं. खरं काय झालं ते घरी आल्यावर कळलं. तू बघितलं आहेस, आमच्याकडे प्रत्येक घाण्याचं एक पुडकं आजीच्या फोटोपुढे, पूर्वजांच्या कोनाड्यात ठेवतात. देवळातले भिक्षू म्हणतात, इतक्या वासाचं पूर्वजांपुढे ठेवू नये, पण आजीने जन्मभर पेंढा बांधला, तिला दुसरा कुठला वास ओळखू येणार. ते पुडकं मग घरातल्या कुणीतरी उतरवून खायचं असतं. आजोबा रोज म्हणायचे, मला हिच्यापाशी जरा बसू दे, दार लोटून घे. आम्ही समजायचो, म्हातारा माणूस, रडत असेल. ते बोटाने एक घास चाखत होते.

त्या दिवशी मात्र माझा जुना राग परत आला. मी आजीचा कोनाडाच बंद करतो म्हणालो, पुडकी बर्फात फेकली, वाट्टेल ते बोललो. आजोबा, तुम्हाला मरायचंय का, मरायचं तर मग हृदय कशाला डागून घेतलंत, आत्याने रात्री कशाला जागवल्या. ते खाटेवर बसून होते, हात मांडीवर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अरे, मी काय करू. तू खोटं सांगतोस. रोज चांगलं आहे, चांगलं आहे. माझी जीभ काढून घेतली आणि तिच्या जागेवर तू लाकूड ठेवलंस. तुला काही लागत नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं, घास घेताना तुझा चेहरा हलला नाही. लागत नसेल तर लागत नाही म्हण, लाज नाही त्यात. पण चांगलं म्हणू नकोस. मग म्हणाले, ती तुझी ओसाकाची पोरगी असती तर तिने सांगितलं असतं.

तुला आठवतं ना ते. ऑगस्टात पूर्वजांच्या सणाला तू आली होतीस. नाक दाबून एक घास खाल्लास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, माफ करा, पण हा तुम्ही सेन्दाईला पाठवलेल्या पुडक्यापेक्षा कडू आहे. आत्याच्या हातातला चहा सांडला होता. आजोबांनी ते पुडकं पुन्हा चाखलं, उठले, आणि सबंध घाणा शेतात खत म्हणून टाकला. तुला वाटलं ते चिडले. ते चिडले नव्हते. तू गेल्यावर आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, नात्तो न खाणाऱ्या गावची पोरगी, आणि जीभ बघा.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नव्याने सुरुवात केली. मी पुडकं उघडायचो आणि खरं सांगायचो. काही लागत नाही. काही लागत नाही. कोमट आहे. बुळबुळीत आहे, पुढे काही नाही. आजोबा घास न घेता नुसतं बघून, तार किती लांब जाते, दाण्यावर पांढरी साय कशी धरलीय, वास कसा, यावरून ठरवायचे आणि मला विचारत राहायचे. जिभेच्या टोकाला काय आहे, मागे काय आहे, गिळल्यावर काय राहिलं. मी म्हणायचो, काही नाही. ते म्हणायचे, ठीक आहे, उद्या. कोनाड्यातलं पुडकं आता मी उतरवतो, त्यांच्या देखत. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी घास घेतला आणि घशाच्या तोंडाशी काहीतरी टोचलं. मी म्हणालो, आजोबा, कडू आहे. ते म्हणाले, नक्की? मी म्हणालो, नक्की. ते म्हणाले, मग जाऊ देऊ नकोस. मी तो घाणा शेतातल्या बर्फात ओतून आलो. घरात येऊन बूट काढताना माझ्या लक्षात आलं की मी रडतोय. कशासाठी, ते विचारू नकोस. कडू होतं, बस.

काल आजोबांची तपासणी होती. आठवडाभर छातीला यंत्र लावून ठेवलं होतं. त्यात एकही चुकार झटका नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने झाले, आता जे होईल ते धरायचं. नात्तोची मनाई तशीच, ती जन्माची. आजोबांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, म्हणजे काडी तुझ्याकडेच. मी हो म्हणालो. सेन्दाईला परत जायचं नाही हे मला ते हो म्हणताना कळलं. आणि आता हे पत्र का, ते सांगतो. त्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर बसून मी ठरवलं होतं की माझंही तीन महिने काही धरायचं नाही. या काळात मी ओसाकाच्या गाडीसाठी स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो, तुझ्यावर चार पानं रागाची लिहून उबेच्या खोलीतल्या शेगडीत घातली, तुझा चेहरा आठवेना म्हणून घाबरलो आणि आठवला तरी काही वाटेना म्हणून जास्त घाबरलो. ते काही धरू नकोस. आज सकाळी पुडकं उघडलं, घास घेतला. दाणा मऊ होता, शेवटी जरा गोडसर लागलं, आणि आजोबांना सांगायच्या आधी मला वाटलं, हे चिझुरुला सांगायला हवं. मी ओरडत नव्हतो, नाडी बघितली तर सरळ चालली होती. हे मात्र धरायचं आहे. तुझं तिकडे काय चाललंय, कुणी आहे का, मला ठाऊक नाही, आणि मी विचारतही नाही. सोबत आजच्या घाण्याचं एक पुडकं बर्फात घालून पाठवतोय. नाक दाबून एकच घास खा आणि कसं आहे ते खरं सांग. या घरात आता एकच जीभ आहे आणि ती अजून कच्ची आहे.

तुझाच, आणि हेही शांतपणे लिहिलंय,
तेप्पेई